मुखपृष्ठावरचं नाव

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. मी कामं उरकणारी बाई — हॉलचं बुकिंग, जेवणाची सोय, स्मरणिकेची छपाई, सगळं वेळेत. म्हणूनच मला कधी कुणी काही विचारलं नसावं.

भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाची एक रीत आहे. स्मरणिकेचं मुखपृष्ठ सभासदाच्या घरातूनच यायचं. त्या वर्षी छापखान्यात फाईल द्यायची वेळ आली तरी मनासारखं काही हाती नव्हतं. मी इंटरनेटवर शोधलं आणि मिळालं — कारखान्याचं फाटक, नुकतीच सुटलेली पाळी, सायकलींची गर्दी. मधोमध एक म्हातारे गृहस्थ, गळ्यात झेंडूचा हार, हँडलला रिकामा डबा. खाली लिहिलं होतं: बाबांचा नोकरीचा शेवटचा दिवस. कुणीही वापरा, छापा, फक्त माझं नाव द्या. नाव तिथेच होतं, पूर्ण.

फक्त नाव — किती जागा लागते त्याला? एक ओळ. ती मी ठेवलीसुद्धा. आणि तिथे टाकलं, ‘छायाचित्र: सानिका’. माझी मुलगी. पुण्याला शिकत होती, फोटो काढायची. टाकलं आणि फाईल पाठवली.

दिवाळीत ती आली. तिनं स्मरणिका पाहण्याआधीच शेजारच्या काकूंनी तिला आमच्या घराच्या फाटकातच गाठलं, अंक हातात घेऊन.

“कावून वो सानिका, एवढा भारी फोटो काढला अन् आमाले सांगितलंबी नाही? मायवाणीच गुपचूप आहेस!”

सानिकानं मुखपृष्ठ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“राहून गेलं, काकू.”

घरात आल्यावर तिनं एवढंच विचारलं, “आई, मी चार फोटो पाठवले होते ना तुला? एकही बरा नव्हता?”

पाठवले होते. मी पाहिले होते. मला ते साधे वाटले — आणि नाव मात्र तिचंच हवं होतं.

पुढच्या अंकात दुरुस्तीची एक ओळ छापता आली असती. छपाई तेव्हाही माझ्याकडे होती, आजही आहे. छापली नाही. त्यानंतर सानिकानं मला एकही फोटो पाठवलेला नाही. काकू अजून विचारतात, पोरीचे फोटो कसे चाललेत? मी म्हणते, छान.