लाल चौकोन

वाळ्याच्या कूलरचा वास आला की मला जयपूरच्या फ्लाइंग क्लबची ती खोली आठवते. क्लबमध्ये तेव्हा नवं सॉफ्टवेअर आलं होतं; त्या खोलीतल्या स्क्रीनवर विद्यार्थ्याच्या नावापुढे जमलेल्या धड्याचा चौकोन हिरवा दिसायचा, राहिलेल्याचा लाल. त्या सकाळी मी पहिल्यांदाच एकटी उडणार होते. इंजिन सुरू होतं, शेजारची सीट रिकामी होती. रेल्वेत गार्ड असलेले माझे बाबा मला बघायला म्हणून आले होते आणि त्या खोलीत बसले होते. अचानक ते धावत कुंपणापाशी आले आणि दोन्ही हात डोक्यावर उंच धरून उभे राहिले. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या पोरीला ही खूण समजावून सांगावी लागत नाही: धोका आहे, थांब. मी इंजिन बंद केलं. शिकवणारे सर चिडून त्यांच्याकडे धावले. “सरजी, बेटी के आगे लाल है। लाल में गाड़ी नहीं छोड़ते,” बाबा धापा टाकत म्हणाले. सरांनी आत जाऊन पाहिलं, तर माझं कालचं लँडिंग पास झाल्याचं भरायला तेच विसरले होते. त्यांनी ते भरलं. “हिरवं झालं, जा आता,” बाबा मला ओरडून म्हणाले; पण आयुष्यभर गाड्यांना हिरवा झेंडा दाखवलेल्या त्यांच्या हातांनी कुंपणाची जाळी घट्ट धरून ठेवली होती. आता मी शिकवते. स्क्रीनवर सगळं हिरवं असलं, तरी एखाद्या पोराला एकटं सोडताना माझे हात ती जाळी शोधतात.