एक्स्टेंशनला एक्स्टेंशन

आमचा काका वायरमन आहे. एका सॉकेटवर कुणी दोन वस्तू लावलेल्या दिसल्या, की त्याचा चेहरा बाळाच्या हातात काडेपेटी बघितल्यासारखा होतो. मग नाकातला आवाज सुरू : "ताई, भिंतीलापण जीव असतो हो. किती लादाल? आणि एक लक्षात ठेवा, एक्स्टेंशनला एक्स्टेंशन लावायचं नाही. म्हणजे नाही!" हे तो गिऱ्हाइकाच्या घरात शिरताना म्हणतो, निघताना म्हणतो, आणि काकूच्या म्हणण्यानुसार झोपेतही म्हणतो.

अशा सावध माणसाची एक वेबसाइट होती. साधीच. नाव, फोन नंबर, सहा फोटो. मग एका शुक्रवारी मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. "चाळीस खोल्यांचं वायरिंग नव्यानं करायचंय. सोमवारी बारा वाजता तुमची वेबसाइट कमिटीला दाखवते आणि लगेच कळवते."

एवढं मोठं काम काकाला जन्मात मिळालं नव्हतं. म्हणून आहे ती चांगली वेबसाइट बिघडवायला तो त्याच दुपारी बसला.

वेबसाइटला वरून जोडायच्या छोट्या-छोट्या सोयी असतात, त्यांनाही एक्स्टेंशनच म्हणतात. त्यांचा भलामोठा बाजार असतो आणि त्यात बरंचसं फुकट. फुकट हा शब्द वाचताच काकातला वायरमन जो चहाला गेला, तो परतलाच नाही. पाहुणे मोजणारं एक्स्टेंशन लावलं. "नमस्कार, मी आपली काय सेवा करू?" असं कोपऱ्यातून विचारणारं लावलं. उत्तर दिलं तर ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं, ते सोडा. पानभर बर्फ पाडणारंही लावलं.

"बर्फ कशाला?" काकूने विचारलं.

"बघणाऱ्याला गार वाटतं गं. तुला नाही कळायचं."

फोटो आपोआप फिरवणारं निवडताना मात्र त्याने पूर्ण अक्कल पणाला लावली. एकाखाली लिहिलं होतं, शेवटची दुरुस्ती गेल्या महिन्यात. काकाने नाक मुरडलं. "सारखं उघडावं लागतंय म्हणजे मालच कच्चा." दुसऱ्याखाली होतं, शेवटची दुरुस्ती सात वर्षांपूर्वी. काका खुर्चीतून अर्धा उठला. "सात वर्षं! सात वर्षं हात लावावा लागला नाही कुणाला! याला म्हणतात काम!" ते चालायला आधी आणखी एक एक्स्टेंशन लागत होतं. तेही लावलं. रविवारी संध्याकाळपर्यंत तेवीस झाली. लावायच्या नादात पान उघडून बघायचं तेवढं राहिलं.

सोमवारी अकराला पान उघडलं, तर पांढरंफटक. नाव नाही, नंबर नाही, बर्फसुद्धा नाही.

काकाने माउस आपटला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी खिशातून टेस्टर काढून सॉकेटमध्ये घातला आणि गंभीरपणे म्हणाला, "करंट येतोय."

काकू भांडी पुसत दारात आली. "अहो, लोकांच्या घरी सारखी ट्रिप होत असली की काय करता?"

"सगळी बटणं बंद करतो, मग एकेक चालू. ज्याच्यापाशी उडेल तो चोर."

"मग तो चोर काय फक्त भिंतीतच राहतो?"

काकाने टेस्टर खिशात टाकला आणि पुन्हा माउस धरला. जिथून एक्स्टेंशन लावायची ते आतलं पान अजून उघडत होतं. त्याने तेवीसच्या तेवीस बंद केली, तशी वेबसाइट परत आली. मग एकेक चालू करत, प्रत्येक वेळी श्वास रोखून पान बघत गेला. चौदाव्याला पान पांढरं. कोण? तर सात वर्षं कुणी हात न लावलेलं ते मजबूत काम.

"अगं, हात लावायला माणूसच उरला नव्हता वाटतं," काका पुटपुटला. बाराला पाच कमी होते. त्याने सगळीच काढून टाकली. बर्फ काढताना तेवढा थोडा रेंगाळला.

सव्वाबाराला फोन वाजला. "वेबसाइट आवडली हो कमिटीला," बाई म्हणाल्या. "शनिवारी बघितली तेव्हा काहीतरी पांढरं पांढरं पडत होतं, नंबरच वाचता येईना. आज कसं स्वच्छ! बुधवारी मोजमापं घ्यायला या. आणि जरा मुलींना समजावून सांगा, एकेका सॉकेटवर चार-चार चार्जर लटकवतात."

काकाने छाती फुगवली, नाकातला आवाज लावला.

"मॅडम, मी स्वतः सांगतो त्यांना. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन..."

आत काकूच्या हातून पातेलं पडलं. मुद्दाम.

"...शक्यतो लावू नये," काका म्हणाला.