धुराड्याची जागा

चहा बशीत ओतून निववायचा, मग परत कपात ओतून प्यायचा. फोन आला की उठून उभं राहायचं. कुणाच्याही खांद्यावरचं घोंगडं न विचारता दोन बोटांत चोळून बघायचं. हसताना तोंडावर हात. जालिंदरच्या सवयी कौस्तुभ अशा आठवत बसतो. जालिंदरला जाऊन आज नऊ दिवस झाले.

जालिंदर धनगराचा. बापाने मेंढरं विकली, त्याने लोकर धरली. पौडच्या पुढे एका मांडववाल्याचं पत्र्याचं गोदाम भाड्याने घेतलं, चार माग टाकले, सहा बायांना कामाला बसवलं. कौस्तुभ शाळेपासूनचा मित्र. मराठीत एम.ए. झालेला. गिऱ्हाइकाला घोंगड्याबरोबर द्यायची माहितीची चिठ्ठी तो लिहून द्यायचा.

डिसेंबरात थंडी उतरली. शेड चाळीस फूट लांब, पत्रा चौदा फुटांवर. बायांची बोटं आखडायची. ताण्याच्या उभ्या धाग्यांना लावलेली चिंचोक्याची खळ दुपारपर्यंत ओलीच. म्हाताऱ्या अंबाबाईने सांगून टाकलं, "आता थंडी सरल्यावरच येतो बाबा. बोटंच ऐकंनात." ती थांबली की बाकीच्या थांबणार. आणि घरी बसलेली बाई परत मागावर येत नाही, हे जालिंदरला ठाऊक होतं.

"आठ दिवस दे आत्या. शेगडी आणतो."

मग जालिंदर आणि कौस्तुभ मोटारसायकलवर हिंडले. लवासाकडच्या एका बंगल्यात काचेच्या दाराची शेगडी होती. देखणी, पण एका खोलीपुरती. कुणी तेलाच्या पिंपाची दाखवली. "दोन हिवाळ्यांत जळून चाळण हुईल," जालिंदर म्हणाला. शेवटी पिरंगुटला एका वेल्डिंगवाल्याकडे जाड पत्र्याची, लांब, बुटकी शेगडी मिळाली. "ऊब वर जाती, बाया खाली बसत्यात. हीच बरी."

"नवरी बघतुयास का चूल?" अंबाबाईने टोमणा मारला.

"नवरीला धुराडं लागत न्हाई, आत्या."

धुराड्यापाशीच घोडं अडलं. छपराला भोक पाडायला त्याचा हात धजेना. "मुळशीचा पाऊस हाय. वर भोक पडलं की आषाढात सगळी लोकर कुजली समज."

"पण धुराडं बसल्याशिवाय पेटवू नकोस," कौस्तुभ म्हणाला.

"व्हय रं, मास्तर."

चार दिवस विचार करून त्याने नळी वळचणीखालून, भिंतीतून काढायची ठरवली. बुधवारी संध्याकाळी भिंतीचा पत्रा कापायला घेतला. थोडं कापलं आणि लाइट गेली. गुरुवारी अंबाबाईला दिलेला आठवा दिवस होता.

गुरुवारी तो सहालाच शेडवर गेला. शेगडी पेटवली नाही. शब्द पाळला. घमेल्यात लोणारी कोळसा फुलवला, आणि ऊब जाऊ नये म्हणून दारं लावून फटींत पोती कोंबली. कोळशाला धूर नसतो; त्याच्या विषारी वायूला ना रंग, ना वास. धूर नाही म्हणजे भीती नाही, असंच त्याला वाटलं असणार.

आठ वाजता अंबाबाईने दार ढकललं. शेड छान ऊबदार झालं होतं. जालिंदर घमेल्याशेजारी कुशीवर पडला होता. तिला वाटलं, डोळा लागला असेल.

बाया त्यानंतर आल्या नाहीत. कौस्तुभ आज किल्ली घेऊन एकटाच आत गेला. भिंतीला शिडी तशीच टेकलेली होती. वर पत्र्यावर खडूने काढलेलं वर्तुळ होतं, नळीच्या मापाचं. त्यातलं चार बोटं कापून झालं आहे.