मामांचा घोडा आणि रुळाचं चामडं

धनुष्य ओढणारे परभणी जिल्ह्यात पुष्कळ झाले असतील. पण ओढलेली दोरी सोडायची कशी, याचा आमच्या मामांइतका विचार केलेला माणूस झाला नाही आणि होणारही नाही. हे मी भाची म्हणून सांगते आहे, शिवाय त्यांची एकुलती एक शिष्या म्हणूनही, तेव्हा माझं बोलणं दुप्पट पक्षपाती धरलं तरी माझी हरकत नाही. मामा मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कुणाच्या तरी घरी टीव्हीवर त्यांनी एकदा तिरंदाजी पाहिली. सगळे लोक बाण कुठं लागतो ते पाहत होते आणि मामा एकटेच तिरंदाजाच्या उजव्या हाताकडं टक लावून बसले होते. घरी येऊन मामींना म्हणाले, "धरायला काय, माकडालाबी येतंय. सोडायचं कसं, ह्येच्यात सगळी अक्कल हाय."

झालं! त्या दिवसापासून मामांनी माणसं जोखायचं नवं माप काढलं. विहिरीवर कोण पोहरा झटक्यानं सोडतो, कोण हळू सोडतो, हे ते उभं राहून बघायचे आणि न मागता सल्ला द्यायचे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात तर कमालच केली. नवरदेवानं हार घातला आणि त्याची बोटं हारात जरा अडकली. मामा विहाराच्या दारातून ओरडले, "जावईबापू, मनगट ढिलं सोडा! परत घ्या!" आणि त्या गरीब माणसानं खरोखरच हार काढून परत घातला. मामी महिनाभर त्या घरी तोंड दाखवायला लाजत होत्या.

मामांकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. दोरी सोडायच्या जगातल्या सगळ्या तऱ्हा त्यात होत्या, आणि सगळ्या घरीच बनवलेल्या. मामींच्या जुन्या पिशवीतून शिवलेला तीन बोटांचा हातमोजा होता. तो पावसाळ्यात ओला झाला की दोरीला चिकटून बसायचा. अंगठ्यात घालायची बैलाच्या शिंगाची अंगठीही होती. ती घासायला त्यांनी चार महिने घालवले आणि शेवटी बाद केली. का, तर म्हणे, "ह्येच्यात अंगठ्याचं काम हाय." आणि सर्वांचा राजा म्हणजे घोडा! लोखंडाचा आकडा दोरीत अडकवायचा, पट्टा मनगटाला बांधायचा, आणि बंदुकीसारखा घोडा दाबला की दोरी सुटणार. तो सायकलीच्या ब्रेकचा दांडा आणि घराच्या दाराची कडी यांतून जन्माला आला होता. तेव्हापासून मामींचं दार सुतळीनं बांधलेलं असे. "चोर येईल," असं त्या म्हणाल्या तर मामा म्हणायचे, "येऊ दे की, त्येला घोडा दाखवतो."

या सगळ्या खटाटोपाला कारण होतं. मामांच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं जिनच्या फिरत्या, चामडं गुंडाळलेल्या रुळात गेली होती. नामांतराच्या मोर्चात हजारभर मुठी वर गेल्या, तरी त्यांची मूठ आम्हाला लांबून ओळखू यायची. अपघातानंतर ते कामावर परतले तेव्हा मुकादमानं हजेरीच्या वहीबरोबर शाईचा पॅड पुढं सरकवला. मामा म्हणाले, "आमच्या बानं अंगठा लावला. आमच्या घरातलं अंगठ्याचं काम तिथंच खतम झालं." मग डाव्या हातानं सही शिकेपर्यंत ते रोज रात्रपाळीला जाणाऱ्या माणसासारखं तोंड करून पाटीवर नाव गिरवत बसायचे. शिंगाची अंगठी बाद का झाली, ते आता कळलं असेल.

तिरंदाजीचा आमचा सराव विहारामागच्या मोकळ्या जागेत चालायचा. वेळूचं धनुष्य, कडब्याच्या पेंढीवर चिकटवलेला कागद. नियम एकच: उघड्या बोटांनी दोरीला शिवायचं नाही. "बोटं एकदाच मिळत्यात, माय. मला इचार." घोड्यानं माझे बाण असे लागायचे की पेंढी महिन्याला बदलावी लागायची. तरी मला हौस होती ती बोटांनी सोडायची. एकदा डब्याच्या तळाशी मला जिनच्या रुळातून काढलेलं चामडं सापडलं. वर्षानुवर्षं कापूस घासून गुळगुळीत झालेलं, बोटांवर बसेल असं कापलेलं, मध्ये बाणाचं बूड बसायला एक चीर. मामांनी टाकून दिलं असेल, असं समजून मी ते पळवलं. ते कामावर गेले की मी चामड्यानं सराव करायची आणि मामी पहाऱ्याला उभ्या राहायच्या. त्याच्या थोडं आधी मामांनी दोऱ्यानं माझ्या तीन बोटांचं माप घेतलं होतं हेही सांगून टाकते. "अंगठी करू तुला. कंच्या बोटात घालशील ते नंतर ठरव." ती अंगठी काही आली नाही आणि मी वर्षभर रुसून त्यांना टोमणे मारत राहिले.

मग परभणीला निवड चाचणी लागली. राज्याच्या स्पर्धेला जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती, आणि ती मीच असणार याबद्दल मामांना तिळमात्र शंका नव्हती. त्या दिवसांत आंदोलनापायी गाड्या कधी बंद होतील त्याचा भरवसा नसायचा, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच जाऊन ओळखीच्यांकडं मुक्काम ठोकला. मामांनी घोड्याला तेलपाणी केलं, मनगटाचा पट्टा पॉलिश केला. फक्त एक गोष्ट केली नव्हती. नियम कुणाला विचारले नव्हते. मैदानावर परीक्षकांनी घोडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, दोनदा दाबून पाहिला आणि मनापासून म्हणाले, "काय सुंदर बनवलंय हो! पण हे चालणार नाही. दोरी बोटांनीच सोडावी लागेल."

मामांचा चेहरा एकदम पडला. ते माझा हात धरून म्हणाले, "चल माय, घरी जाऊ. न्हाई जायचं राज्याला." मी खिशातून चामडं काढलं. मामांनी ते पाहिलं, मग माझी बोटं उलटी करून त्यांवरचे घट्टे पाहिले. "कवापासून?" "उन्हाळ्यापासून." मला वाटलं, आता बसतेय एक. पण ते निशाणाकडं पाठ करून उभे राहिले आणि शेवटचा बाण सुटेपर्यंत वळले नाहीत.

माझी निवड झाली! अर्जावर सोबत आलेल्या पालकाची सही हवी होती. कारकुनानं मामांचा हात पाहिला आणि भल्या मनानं शाईचा पॅड पुढं केला. मामांनी तो बाजूला सारला, पेन डाव्या हातात घेतलं आणि आपलं, बापाचं, आडनावासकट संपूर्ण नाव सावकाश लिहिलं. मागची रांग चुळबुळत होती. मला मात्र ती सही संपूच नये असं वाटत होतं. परतीच्या गाडीत मानवत रोड येईपर्यंत अख्ख्या डब्याला त्यांनी ऐकवलं, "ह्या पोरीचं सोडणं बघायला पायजे होतं तुमी! लोणी!" पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसानं ते वर्णन इतकं बारकाईनं केलं की मलाच खरं वाटायला लागलं.

आता मामा नाहीत. डबा माझ्याकडं आहे आणि मी शाळेत मुलींना तिरंदाजी शिकवते. परवा सातवीतल्या एका मुलीला ते चामडं दिलं. माझ्या हाताला ते केव्हाच लहान झालंय, तिच्या बोटांवर मात्र चपखल बसलं. पहिलं बोट चिरेच्या अलीकडं, दुसरी दोन पलीकडं. मी बघतच राहिले. मामांचा पंजा केवढा रुंद, आणि त्यातली पहिली दोन बोटं तर नव्हतीच. मग हे त्यांचं टाकलेलं कसं असेल? ते कापलंच होतं माझ्या मापानं. 'बोटं एकदाच मिळत्यात' म्हणणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या हातानं माझ्या बोटांवर चढवणं जमलं नसतं, म्हणून मला सापडेल असं डब्यात ठेवून ते मुकाट कामावर जात राहिले. आणि मी इकडं वर्षभर रुसून बसले होते.

मामा, अंगठी मिळाली हो.