प्रार्थनेचा विषय

देवावर भरवसा कसा ठेवावा हे लिहिण्याइतका मी मोठा नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चाळीस-चाळीस वर्षं विश्वासात चाललेली माणसं आहेत. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची शुक्रवारची प्रार्थना चिकलठाण्यात कुणाच्या तरी घरी असते. गाणी झाली की पाळकसाहेब एकेकाला विचारतात, "विषय?" ज्याची जी अडचण असेल ती तो सांगतो आणि सगळे मिळून तिच्यासाठी प्रार्थना करतात. सुटलेली नोकरी, दुखणारे गुडघे, दारू पिणारा मुलगा, काहीही.

अशाच एका शुक्रवारी सकाळी आईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला होता. रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता. घरी आल्यावर तिनं मला आणि पप्पांना बजावलं, "मंडळीत बोलायचं नाय."

"का गं?"

"दुखलंखुपलं की बायका मला हात ठेवून प्रार्थना करायला बोलावतात. माझ्याच अंगात गाठ म्हणल्यावर त्या कुणाकडं जातील?"

पप्पा कंपनीचे बूट पुसत होते, ते पुसतच राहिले.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी मला विचारलं, "विषय?" मी आईकडं पाहिलं. ती सतरंजीचं टोक सरळ करत होती.

"परीक्षा," मी म्हणालो.

एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या एका आजोबांनी प्रार्थना केली. "प्रभू, याच्या पेनातली शाई संपू देऊ नको. याची बस चुकू देऊ नको. आन् शेजारच्याचं बघून लिहायची बुद्धी देऊ नको." कुणीतरी हसू दाबलं. आई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "आमेन" म्हणाली.

निघताना एक काकू मला म्हणाल्या, "एवढ्या लोकांनी गुडघे टेकलेत. नापास झालास तर आमचंच नाक कापलं जाईल." मग आईकडं वळून म्हणाल्या, "ताई, उद्या या ना घरी. नातीचा ताप उतरंना."

दुसऱ्या दिवशी आई गेली. सोबत मी होतो. तिचा डावा हात वर जात नव्हता. तिनं उजवा हात त्या पोरीच्या कपाळावर ठेवला आणि बराच वेळ प्रार्थना केली. माझे डोळे उघडेच होते.

आठ दिवस झाले, रिपोर्ट आला नाही. मी औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये रोज जायला लागलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "अजून एक तपासणी बाकी आहे. आला की फोन करतो. तू रोज कशाला येतो?"

"इकडून जातच होतो," मी म्हणालो. तेही खोटं होतं. माझं कॉलेज दुसऱ्या बाजूला आहे.

मला वाटलं होतं, अशा वेळी रडू येईल, देवाशी खूप बोलणं होईल. तसं काही झालं नाही. गुडघ्यांवर बसून मी पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचो, वर्गात हजेरी द्यावी तशी. ती संपली की उठायचो. ज्या विषयासाठी लोक प्रार्थना करत होते त्याची मला काळजी नव्हती, आणि ज्याची होती तो तोंडातून निघत नव्हता. पुढच्या शुक्रवारी पुन्हा "परीक्षा" म्हणालो. आजोबांनी खिशातून एक नवा पेन काढून दिला. "देवानं शाईचं बघितलंय," ते म्हणाले. मला त्यांच्याकडं बघवेना.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी माझा पहिला पेपर होता. तो मी त्याच पेननं लिहिला. बाहेर येऊन मोबाईल चालू केला तर पप्पांचे चार मिस्ड कॉल होते. मी फोन लावला.

"रिपोर्ट आला," ते म्हणाले. "डॉक्टरकडं जाऊन आलो." त्यांनी फोन आईला दिला.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

"शाई पुरली का?"

"पुरली."

"कॅन्सर हाय म्हणले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन." मग ती म्हणाली, "आज शुक्रवार हाय. विषय विचारला की माझं नाव सांग."