कोरडा डबा

वणी रस्त्यावरच्या चुलतभावाच्या पेट्रोल पंपावर काही वर्षं मी सकाळची पाळी सांभाळली. जमिनीखालच्या डिझेल टाकीच्या तोंडाभोवती बादलीएवढा प्लास्टिकचा डबा बसवलेला असतो. टँकरची नळी काढताना सांडलेलं डिझेल त्यात साचतं. ते पुसायचं, डबा तपासायचा, झाकण लावायचं. हे काम एका जुन्या कामगाराकडे होतं. आमचा डबा कायम कोरडा असे. पुसायला आणलेल्या चिंध्यांचं गाठोडं तसंच पडून होतं.

"पाय ना भाऊ, ताटावानी साफ," झाकण उचलून तो म्हणायचा. "जेवता का याच्यात?"

चुलतभाऊ इतर पंपवाल्यांना हे कौतुकानं सांगे.

कुंपणापलीकडे चहाची टपरी आणि टपरीवालीची विहीर. चहा, स्वयंपाक, पिणं, सगळं त्या एका विहिरीवर. हिवाळ्यात पाण्यावर तवंग दिसू लागला. या रस्त्यावर कोळशाचे ट्रक सतत धावतात. पानांवर, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते. तवंगही कोळशाचाच, असं सगळ्यांनी धरलं. ती पाणी फडक्यानं गाळून घेऊ लागली. वास कुणालाच आला नाही. डिझेलचा वास या आवारात नेहमीचाच होता.

तिची सून घाटंजीला माहेरी बाळंत झाली. बाळाला घेऊन परतली त्या सकाळी तिनं पाण्याचा घोट घेतला आणि थुंकली.

"आत्याबाई, पाण्याले डिझेलचा वास येते."

"माहेरचं पाणी लय गोड लागलं वाटते तुले!"

सून लोटा घेऊन थेट पंपावर आली. कामगारानं हुंगला. "मले तं काहीच येत नाही."

मी डब्यातून टाकीत उघडणारी झडप बंद केली, डबा पाण्यानं काठोकाठ भरला आणि आम्ही तिघं पाहत उभे राहिलो. पाणी हळूहळू खाली गेलं. तळाला बारीक तडा होता. सांडलेलं सगळं डिझेल त्यातून मातीत गेलं होतं, कधीपासून ते कुणालाच सांगता येईना. टपरीवर तेव्हा बाळाच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. सून धावत गेली आणि तिनं पातेलं उलटं केलं.

डबा बदलला. आता तो प्रत्येक टँकरनंतर ओला असतो. टपरीवालीच्या विहिरीवर पत्रा टाकला आहे. चुलतभाऊ तिला पाण्याचा टँकर मागवून देतो. तवंग गेलेला नाही.

उतारावरच्या पुढच्या विहिरीवर सांगायला आम्ही गेलो. तिथंही तवंग होता.

"कोळसा असन," तिथला म्हातारा म्हणाला आणि त्यानं बादली आत सोडली.