वाइंडरबाईची गाडी

पंप, पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरून देणं हे तिचं काम. कारखान्यात तिला वाइंडरबाई म्हणत, हळूहळू गल्लीतही तेच नाव रुळलं. नवरा कुरियरची पाकिटं पोचवायचा. एका ट्रकनं उडवलं आणि त्याचा उजवा पाय कामातून गेला. त्याची जुनी मोटरसायकल जिन्याखाली पडून राहिली. इंजिन जाम झालं होतं, आणि किक मारणार कोण? तरी भंगाराचं नाव काढलं की तो ताटावरून उठायचा.

शेवटी तिनंच गाडी विजेवर चालवायचं मनावर घेतलं. भंगारातून स्कूटरची जळकी मोटार आणली आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर तिच्यात तांब्याची नवी तार भरली. जेवणालाही वार्निशचा वास येऊ लागला. नवरा म्हणायचा, विजेवर चालते ती शिलाई मशीन. पण स्टूल ओढून जवळ बसायचा, तिच्या हातात नट आवळायचे पाने द्यायचा. दीर स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला, बोलण्यात पटाईत. इंजिन उतरवायला त्यानं हात लावला, चहा घेतला आणि गेला. पुढचं सगळं तिचं. मोटार बसवायची पट्टी चुकली, चेन उतरत राहिली, बोटं सोलवटली. तिनं पट्टी पुन्हा कापून घेतली. बॅटरीची पेटी बसवली, तिला फ्यूज जोडला.

गाडी चालली. नवऱ्याला मागे बसवून तिनं गल्लीत फेरी मारली, तेव्हा त्यानं तिचा खांदा घट्ट धरला होता. कोपऱ्यावर माणसं जमली. कुणी केली म्हणून दूधवाल्यानं विचारलं.

"माझ्या भावानं," नवरा म्हणाला.

घरी आल्यावर तिनं त्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "बायको चालवते आणि मी मागे बसतो, तेवढं पुरे नाही का? बनवलीही तिनंच, हे कसं सांगू?"

तिला वाईट वाटलं, पण त्याच्या पायाकडे बघून तिनं ओठांवर आलेला शब्द गिळला. तिथंच तिचं चुकलं. दीर आधी नुसता हसायचा, मग दुकानात उभा राहून लोकांना गाडीची माहिती देऊ लागला. दूधवाल्यानं आपली गाडी विजेवर करायला त्याच्याकडेच दिली. दीर तिच्याकडे आला, म्हणाला, "वहिनी, तेवढी मोटार भरून द्या, बाकी मी बघतो." तिनं साफ नकार दिला. मग त्यानं कुठून तरी तयार मोटार आणून बसवली.

ती गाडी भर बाजारात पेटली. दूधवाला उडी मारून वाचला, पण हात भाजला. जळका सांगाडा तिनं स्वतः पाहिला. तार बारीक होती, फ्यूजचा पत्ता नव्हता. दिरानं मात्र सगळ्यांना सांगितलं की मोटार वहिनीनं भरली होती. गाडी चालली तेव्हा त्याची आणि जळली तेव्हा तिची. दूधवाला कारखान्यात येऊन ओरडून गेला. मालकानं तिचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला.

त्या संध्याकाळी ती नवऱ्यासमोर बसली. "आता तरी बाहेर जाऊन खरं सांगा."

तो काठीची मूठ चोळू लागला. "तो भाऊ आहे माझा. तुझं काय, तुला कुठंही काम मिळेल."

काम मिळालं, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथं नवख्या बाईसारखं पंख्यांच्या मोटारींपासून सुरू करावं लागलं. पहिल्या दिवशी तिनं गाडी बाहेर काढली, तर नवरा रोजच्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. त्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सोडायचं असे.

"तुमच्या भावाला बोलवा," ती म्हणाली. "गाडीतलं त्यालाच जास्त कळतं."

पुढे वळणावर तिनं आरशात पाहिलं. काठी टेकत, भिंतीला धरून तो निघाला होता. आत काही तरी निवेल असं तिला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. ती थांबलीही नाही.